डावी घडी

आपल्याला तोंड नाही, हे आत्याला पहिल्यांदा कळलं ते फळ्यांच्या भिंतीआडून. त्या दिवशी कामावरचं मोठं मशीन बिघडलं म्हणून ती दुपारीच सुटली होती. चपला काढल्या, तांब्याभर पाणी प्यायली आणि खाटेवर टेकते न टेकते तोच पलीकडे भाऊ-भावजयीची जुंपली. ही घरात आली आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"दुसऱ्याच्या खोलीत असं किती दिवस राहायचं?" भावजय म्हणत होती. "उद्या वन्संचं डोकं फिरलं आणि म्हणाल्या, चला निघा, तर?"

"दुसऱ्याची कसली? ताईची आहे."

"तेच म्हणते मी. ताईची आहे, आपली नाही."

"अगं, ती कशाला म्हणतेय निघा? तिला तोंड आहे कुठे!" आणि भाऊ हसला. वाईट नाही हसला. गरीब जनावराच्या पाठीवर हात फिरवताना माणूस हसतं ना, तसा हसला.

आत्याने गुपचूप चपला घातल्या, बाहेर पडली, कोपऱ्यावरच्या नळापाशी थोडी रेंगाळली आणि मग आत्ताच येतेय अशी दारात खाकरून घरात शिरली. भावजयीने चहा टाकला. आत्याने तो पिऊनही टाकला. पुढे केसांचा कापूस झाला, पण ते एक वाक्य काही घशाखाली उतरलं नाही.

खरं तर खोली आत्याचीही नव्हती. ती होती हॉस्पिटलची. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला धुलाईघर आणि त्याच्या पाठीला पाठ लावून कामगारांच्या खोल्या. काम आहे तोवर खोली, काम गेलं की किल्ली परत. आत्याने लग्न केलं नाही, म्हणजे कुणी ते जमवायला बसलंच नाही. भावाची नोकरी आज आहे उद्या नाही अशी, तेव्हा तो बायकोला घेऊन चार दिवसांसाठी आला आणि राहिला. मग मध्ये फळ्या ठोकल्या. मग भाची झाली. तिला आत्या छकू म्हणायची, अगदी ती कॉलेजात जायला लागली तरी, चारचौघांत, मोठ्याने. छकूचं शिक्षण होईतो खोली टिकली पाहिजे, म्हणजे काम टिकलं पाहिजे. आत्याने जन्मात एवढा एकच बेत केला होता, आणि तोही दुसऱ्याचाच.

धुलाईघरात ती घडीच्या टेबलावर होती. वॉर्डांतून मळक्या चादरींचे गठ्ठे यायचे, ते निवडायला एक बाई. मग धुणं, मग गरम रुळांचं मशीन, आणि शेवटी टेबल. आत्या डावखुरी. बाकीच्या बायकांच्या घडीची उघडी कड उजव्या हाताला यायची, हिची डाव्या. नवीन होती तेव्हा मुकादमाने महिनेच्या महिने तिला उजवी घडी घालायला लावली, ओरडून ओरडून. ती शिकलीही. पण तो रजेवर गेला की हिचे हात पुन्हा आपल्या वळणावर. शेवटी तोच दमला. वर आणखी हिची एक खोड होती. घडी पूर्ण झाली की कोपऱ्यावर तळहाताने दोन हलक्या चापट्या मारायची, मूल निजवल्यासारख्या. वॉर्डातल्या नर्सबायासुद्धा ओळखायच्या. "आली बघ डावी घडी," म्हणायच्या. आत्याला ऐकून बरं वाटायचं. तिला बरं वाटायला फार काही लागत नसे.

मळक्या गठ्ठ्यांत काय नसायचं! कापूस, पट्ट्या, कुणाचे दात, आणि सुया. निवडायला जी बाई होती, तिला सगळ्या निवडवालीच म्हणत. तिला दिले होते ते हातमोजे असे पातळ, की भांडी घासतानाही टिकू नयेत. एक दिवस ती गठ्ठा सोडताना "आई गं" म्हणाली आणि बोट वर धरलं. सुई आत्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली, बोटात रुतलेली. ती ओढून काढलीही आत्यानेच. मुकादम म्हणाला, पाण्याखाली धर, काही होत नाही. काही महिन्यांनी निवडवालीचे डोळे पिवळे पडले, पोट फुगलं. तिने नुकसानभरपाई मागितली, तर वरून उत्तर आलं की कामावर असं काही घडलेलंच नाही, घरी कुठे टोचून घेतलं असेल. तिला घरी बसवलं. धुलाईघरात कुणी ब्र काढला नाही. आत्यानेही नाही. खोली होती ना.

त्याच सुमारास छकूच्या कॉलेजने फर्मान काढलं, इंटर्नशिप केल्याशिवाय पास नाही.

"म्हणजे नोकरी?" भावाने आशेने विचारलं.

"नोकरीसारखंच. पगार नसतो."

"मग त्यात आणि माझ्या घरकामात फरक काय गं?" भावजय म्हणाली.

"सर्टिफिकेट मिळतं, आई."

"बघा हो वन्सं. इतकी वर्षं आपण दोघी बिनासर्टिफिकेटच्या राबतोय."

छकूला मिळाली ती संस्था कामगारांना न्याय मिळवून देणारी होती. पण तिला ऑफिस नव्हतं. सगळे आपापल्या घरी बसून न्याय मिळवून द्यायचे. छकूने फळ्यांना पांढरी चादर लावली आणि तिच्यापुढे बसून ती पडद्यावर बोलायला लागली. पडद्यात एक ताई यायची, मागे पुस्तकांचं कपाट, हातात मोठा कप. आवाज असा मऊ, की आत्याला वाटायचं, हिच्या घरी कुणी आजारी आहे की काय. आत्या फळ्यांच्या अलीकडे अंधारात बसून ऐकायची. जेवायला वाढू का, हेसुद्धा खुणेने विचारायची. उगाच न्यायात अडथळा नको.

एकदा ताई छकूला म्हणाली, "आम्हाला खऱ्या माणसांचे खरे अनुभव हवेत. तुझ्या ओळखीत कुणी आहे?"

छकूने चादर बाजूला केली आणि फळ्यांच्या फटीतून आत्याकडे पाहिलं.

"मी नाही गं बाई," आत्या म्हणाली. "माझं काय ऐकायचंय त्यांना?"

"ते निवडवाल्या मावशींचं. तू मला सांगितलं होतंस ना? तू पाहिलंयस."

"काम जाईल माझं."

"चेहरा नाही दाखवणार. नाव नाही. आवाजसुद्धा बदलतात, पुरुषासारखा होतो. कुणालाही कळत नाही, त्यांचा नियमच आहे तो." मग ती जवळ येऊन बसली. "आत्या, तू बोललीस तर मोजे मिळतील बायकांना. तुला काय वाटतं ते तर सांग."

तुला काय वाटतं, हे आत्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. भाजी कुठली आणू, हेही नाही. ती रात्रभर विचार करेल असं छकूला वाटलं होतं. आत्या हातातलं पातेलं पुसून ठेवेपर्यंतच विचार करत होती. "घे," म्हणाली, "काय घ्यायचं ते."

छकूने खाटेवर फोन उभा केला. आत्या बोलायला लागली आणि अडखळली. हात कुठे ठेवावेत कळेना. ताईने पडद्यातून सुचवलं, "हातांना काहीतरी काम द्या ना. चेहरा नाही तर हात तरी हवेत. लोकांना हात बघायला आवडतं." छकूने पटकन खाटेवरची चादर ओढून तिच्या पुढ्यात टाकली. आणि मग काय, हात चालायला लागले तशी जीभही चालायला लागली. गठ्ठा, सुई, पातळ मोजे, पिवळे डोळे, सगळं सांगितलं. मी पाहिलंय, मी काढली सुई, असं तीनदा म्हणाली. बोलून झालं तेव्हा चादरीची घडी झाली होती. आत्याने तिच्या कोपऱ्यावर दोन चापट्या मारल्या. ताईचे डोळे भरून आले होते. छकूचेही. चेहरा झाकला, नाव झाकलं, आवाज पुरुषाचा केला. त्या घरात आणि त्या पडद्यात मिळून तीन बायका होत्या, पण घडीकडे एकीचंही लक्ष गेलं नाही. आत्याचंही नाही. श्वास घेताना नाकाकडे कुणाचं लक्ष असतं?

ते बोलणं फोनोफोनी फिरलं. हजारो लोकांनी त्याला लाल बदाम दिले. धुलाईघरात मुकादमाने ते पाहिलं जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा टाकून. शेवटच्या दोन चापट्या पाहिल्या आणि डबा तसाच झाकला.

साहेबांच्या खोलीत आत्या याआधी कधी गेली नव्हती. टेबलावर एक धुतलेली चादर ठेवली होती. साहेब वाईट बोलले नाहीत. "हे बघा मावशी," म्हणाले, "मुकादम म्हणतोय हे हात तुमचे. मी म्हणतो नसतील. या संस्थावाल्यांचं काय, भाड्याने बाई आणतात आणि काहीही वदवून घेतात. तुम्ही आमच्यासमोर एक घडी घालून दाखवा. उजवी पडली, तर तुम्ही तुमच्या कामाला जा, आम्ही आमच्या. ती निवडणारी बाई खोटी ठरेल आणि प्रकरणही तिथेच मिटेल."

इतकं सोपं होतं. उजवी घडी तिला येत होती. खोली, भाऊ, भावजय, छकूचं उरलेलं वर्ष, सगळं त्या एका चादरीवर मांडून ठेवलं होतं. आत्याने चादर उचलली. पहिली दुमड उजवी घातली. दुसरीही उजवी घातली. हात थोडे अडखळले, पण जमत होतं.

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. "सांगत नव्हतो मी? गरीब आहे हो बाई ही." आणि ते हसले. वाईट नाही हसले.

ते हसू आत्याच्या ओळखीचं होतं. तिने चादर झटकली, पुन्हा पूर्ण उघडली, आपल्या वळणाने घडी घातली, उघडी कड डावीकडे आणली आणि कोपऱ्यावर दोन चापट्या मारल्या. मग म्हणाली, "सुई मी काढली, साहेब."

त्या संध्याकाळी भाऊ घरभर फिरत होता. घर म्हणजे काय, चार पावलं जायचं आणि वळायचं.

"कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? आं? कुणी सांगितलं होतं?"

"तूच म्हणाला होतास, मला तोंड नाही म्हणून."

"मी? कधी?"

आत्याने सांगितलं. मशीन बिघडलं होतं तो दिवस, फळ्या, खाट, सगळं. भाऊ आठवत राहिला. त्याला काहीच आठवेना. सहज बोलून गेलेला माणूस तो, त्याने ते साठवून का ठेवावं? भावजयीने मात्र पदर तोंडाला लावला. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा घरात होता?" आणि मग उठून माळ्यावरून ट्रंका खाली काढायला लागली. तिचा तो स्वभाव होता. बोलता येईना झालं की आवराआवर.

छकू संस्थेला कळवायला बसली. तिची इंटर्नशिपची मुदत नेमकी त्याच आठवड्यात संपली होती आणि मुदतीबरोबर तिचं संस्थेतलं खातंही बंद झालं होतं. ताईच्या फोनवर निरोप टाकला, तर ताईने तीन दिवसांनी उत्तर दिलं. आपल्याला अतिशय वाईट वाटलं, आत्या फार धीराच्या आहेत, कायद्याचं काम दुसरे लोक बघतात, त्यांच्या कानावर घालते. खाली हात जोडलेलं चित्र. ते दुसरे लोक कोण, कुठे राहतात, ते काही कळलं नाही. भाऊ म्हणाला, पत्ता दे, मी जातो आणि दार ठोठावतो. पण ज्या संस्थेला दारच नाही तिचं काय ठोठावणार? सर्टिफिकेट मात्र वेळेवर आलं. छान होतं, रंगीत. मागे फिकट छापलेलं चित्र होतं, चादरीवरच्या दोन हातांचं. छकूला ते फाडून टाकावंसं वाटे, आणि त्याच्याशिवाय कॉलेज पास करेना. तिने ते उलटं करून दप्तरात ठेवलं.

मोजे आले, हे सांगायला हवं. जाड, कोपरापर्यंतचे. मुकादमाने स्वतः वाटले, घरून आणल्यासारखे. निवडवालीला ते बघायला मिळाले नाहीत. ती त्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात पडून होती, डावी घडी नसलेल्या चादरीवर.

गावाबाहेर एक खोली मिळाली, टिनाच्या छपराची. भाऊ सामान घेऊन पुढे गेला. आत्याशी तो बोलत नव्हता, फक्त "ती खाट उचल", "ही दोरी धर" एवढंच. छकू म्हणाली, "आत्या, तुझं कामावरचं सामान परत करायचंय ना, मी येते बरोबर."

"कशाला? मला काय वाट सापडत नाही?" आत्या म्हणाली. "तू जा छकू. आईला नव्या घरी पाणी भरू लाग."

बाकीच्या बायका मळका युनिफॉर्म गठ्ठ्यात फेकून द्यायच्या. आत्याचा आठवड्याचा शिरस्ता वेगळा होता. ती आपले दोन्ही घरीच धुवायची, इस्तरी करायची आणि स्वतः नेऊन स्टोअरच्या खिडकीवर ठेवायची. आजही तेच केलं. रिकाम्या खोलीत केर काढला, कडी लावली आणि धुलाईघराच्या बाजूने चालत गेली. टेबलावरच्या बायकांनी तिला पाहिलं. एकीने मोजा घातलेला हात थोडा वर केला, मुकादमाकडे पाहिलं, आणि खाली घेतला.

स्टोअरवाल्याने मान वर न करता विचारलं, "काय आहे?"

"दोन युनिफॉर्म. आणि किल्ली."

तिने दोन्ही युनिफॉर्म खिडकीत ठेवले. चालताना वरचा जरा सरकला होता. तिने तो उचलला, उलगडला, पुन्हा घडी घातली, उघडी कड डावीकडे. किल्ली मधोमध ठेवली. मग कोपऱ्यावर दोन चापट्या मारल्या आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.