वानखेडे सरांचं अर्धा लिटर दूध

वानखेडे सर दूध पीत नसत. चहासुद्धा कोरा. तरी आमच्याच कंपनीच्या घरपोच दुधाच्या ॲपवरून ते रोज अर्धा लिटर मागवत. बिबवेवाडीतल्या त्यांच्या दाराला एक कापडी पिशवी टांगलेली असे. तिच्यात पडलेलं दूध ते ऑफिसात आणून चहावाल्या सुमनताईंच्या हवाली करत. सुमनताई त्याचं दही लावत. संगणकाच्या कंपनीत इतकं ताक कुठेच प्यायलं जात नसेल.

सगळी यंत्रणा नीट चालली आहे ना, हे बघणं सरांचं काम. त्यासाठी भिंतीवर मोठा स्क्रीन होता. ठीक ते हिरवं, बिघडलेलं ते लाल. सर त्याच्याकडे पाठ करून बसत. मूळचे नागपूरचे, कोणी नवा कोड आणला की एकच प्रश्न विचारत, "हे काय करून राहिलं, सांग बरं?" कोड एआय लिहीत असल्यामुळे आमची बोबडी वळे.

मी तेव्हा नवी होते, नोकरी पक्की व्हायची होती. दुसऱ्याच दिवशी साहेब त्याचा निर्णय घेणार होते आणि स्क्रीनवरचा माझा, पत्ते शोधणाऱ्या कोडचा, कोपरा सारखा लाल होत होता. मी एआयला सांगितलं, इथे लाल दिसता कामा नये. पाच मिनिटांत कोपरा हिरवागार. मी स्वतःवर खूश होऊन मिसळ खाऊन आले.

सकाळी सरांनी रिकामी पिशवी माझ्या कीबोर्डवर ठेवली. "स्क्रीन म्हणते दूध पोचलं. पिशवी म्हणते नाही पोचलं. कोणाचं ऐकावं, बाप्पा?"

तेवढ्यात येरवड्याहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. बिबवेवाडीचं सगळं दूध त्यांच्या दारात येऊन पडलं होतं. "अहो, मी अर्धा लिटर दूध मागवलं होतं, गोठा नव्हे," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

एआयने माझं सांगणं तंतोतंत पाळलं होतं. त्याने लिहिलं होतं, पत्ता सापडला नाही की यादीतला पहिला पत्ता घ्यायचा आणि हिरवं दाखवायचं. मला रडूच आलं. म्हटलं, सर, हे मी लिहिलेलंच नाही. सरांनी खुर्ची ओढली, सुमनताईंना हाक मारली आणि एकेक ओळ मला ताईंना समजावून सांगायला लावली. त्यांना पटल्याशिवाय पुढची ओळ नाही. पत्ता सापडला नाही तर कोड गप्प का बसतो, विचारत का नाही, असं सुमनताईंनीच विचारलं. दुरुस्ती तीच होती.

दुपारी साहेबांनी विचारलं, हा कोड कोणाचा? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "काल कोणाचाच नव्हता. आता हिचा आहे. विचारा तिला, काय करून राहिला ते." त्यांनी विचारलं, मी सांगितलं. नोकरी टिकली.

सर निवृत्त होऊन नागपूरला गेले. जाताना ॲपमधल्या आपल्या पत्त्याच्या जागी माझा पत्ता घालून गेले. मला दुधाचा वास सहन होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रोज सकाळी नाक धरून दाराला टांगलेली पिशवी उचलते आणि मला त्यांची फार आठवण येते.

गेल्या सोमवारी पिशवी रिकामी होती. ऑफिसात स्क्रीन हिरवागार, आणि नव्याने लागलेला सहकारी भलताच खुशीत. मी पिशवी त्याच्या कीबोर्डवर ठेवली, खुर्ची ओढली आणि सुमनताईंना हाक मारली.