पाच पेरांचा शब्द

गुडगावच्या आमच्या कॉल सेंटरमध्ये फ्रान्सचे फोन यायचे. नव्या मुलींचे उच्चार घासूनपुसून घ्यायचं काम माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या मॅडमचं. सुती साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. जप करावा तसा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत त्या शब्द फोडायच्या. ‘असामान्य’ या अर्थाचं फ्रेंच विशेषण मला काही केल्या जमेना.

“एक्स-त्रा-ओर-दि-नेर. पाच पेरं, पाच तुकडे. घाई नको गं, गाडी सुटत नाहीये तुझी.”

शेवटचा ‘र’ घशातून आला की म्हणायच्या, “बिल्कुल!”

फोनवर आम्ही सगळ्या पॅरिसच्या, असा ऑफिसचा नियम होता. एकदा फोनवरच्या एका बाईंनी मॅडमच्या फ्रेंचला नेमकं तेच विशेषण लावलं आणि गाव विचारलं. सुपरवायझर लाइनवर ऐकत होता. तरी मॅडमनी फ्रेंचमध्येच शांतपणे सांगितलं, “मी पुण्याची. भारतातून बोलतेय.”

तो धावत आला. “मॅडम, ये क्या बोल दिया?”

“बोली उनकी सीखी है,” मॅडम म्हणाल्या, “गाँव अपना ही है.”

पुढच्या आठवड्यात एका ग्राहकाने मलाही गाव विचारलं. अंगठा आपोआप पहिल्या पेरावर टेकला.

“सा-ता-रा,” मी म्हणाले.