सहा वेळा नको

ते शर्यतीचं मैदान उठून बराच काळ झाला, पण तिथला एक आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. मी पोलीस शिपाई म्हणून भरती झाले, नोकरी करता करता घरीच पुस्तकं वाचून परीक्षा दिल्या आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. प्रेतं पुष्कळ पाहिली. पण ज्याचा पंचनामा केला त्याचाच आवाज नंतर दोन दिवस कानाला लावून बसायचं, असं एकदाच घडलं. नावं कुणाचीच लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी मनातच ठेवावं.

तो बैलगाडा शर्यतीचा निवेदक होता. बारामती, इंदापूर, दोन्ही तालुक्यांत त्याच्याशिवाय मैदान भरायचं नाही. गाड्या सुटल्या की असा बोलायचा, की गर्दीत मागं उभ्या असलेल्या, काहीच न दिसणाऱ्या माणसालाही बैल दिसावेत. सिनेमातल्या नटाला मुंबईत जो मान, तो आमच्याकडं याला. सगळे त्याला अण्णा म्हणायचे.

त्या दिवशी निमगाव केतकीजवळ मैदान होतं. फायनल संपली आणि अण्णा गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होऊन कऱ्हाटीला घरी निघाला. ड्रायव्हरला वाटलं, दिवसभर बोलून दमलाय. आधी घोरणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. झोप मोडू नये म्हणून ड्रायव्हरनं गाणीसुद्धा बंद केली. दारात गाडी थांबली तेव्हा बायको गरम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पहिला हात तिनंच लावून पाहिला.

ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि तपास माझ्याकडं आला. शवविच्छेदन झालं, व्हिसेरा राखून ठेवला. तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो, पण लोकांचा निकाल दुसऱ्या दिवशी दुपारीच मोबाईलवर लागला. एकानं फोटोला हार घालायचा आणि खालीच दुसऱ्यानं लिहायचं, नशेडी होता, स्वतःच्या हातानं गेला. एखादा मोठा नट गेला तरी हेच चालतं, तुम्हीही वाचलं असेल.

खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. मी शाळांमधून व्यसनमुक्तीची भाषणं द्यायची. 'नशा ही निवड असते, मुलांनो, नाही म्हणायला शिका,' हे माझं ठरलेलं वाक्य. टाळ्या पडायच्या.

अण्णाच्या बायकोचा जबाब घ्यायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं काही लपवलं नाही. आठ-आठ तास धुळीत बोलून अण्णाचा गळा बसायचा. कुणीतरी खोकल्याचं औषध दिलं. गळा मोकळा झाला, अंगही हलकं झालं. त्या औषधात अफूच्या जातीचा घटक असतो, चिठ्ठीशिवाय ते विकायचं नसतं. पण मिळत गेलं. पुढं पुढं दोन बाटल्या पोटात गेल्याशिवाय त्याला माइक धरवेना. शेवटी तिनंच त्याला उपचाराला नेलं. बाटली सुटून अडीच महिने झाले होते. आणि त्या दिवशी स्टेजवर त्यानं पुन्हा तेच औषध घेतल्याचं गावभर झालं होतं.

"मैदानाला निघाले की मी त्यांची पिशवी तपासायची बघा. टॉवेल झाडून, थर्मास हुंगून," ती म्हणाली. "त्या दिवशी म्हणले, असू दे, आता इस्वास ठेवायला पायजे. तशीच दिली हातात."

"मग?"

"मला एवढंच सांगा, बाई. बाटली पिशवीतनं गेली का तितं मिळाली? अडीच महिने मला फसवत व्हते का? बाकी कुणाला फाशी द्या, न्हाय तर सोडा. मला एवढंच सांगा."

आता मैदान भरवणाऱ्या कमिटीकडं या. तीन सदस्यांना मी वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. तिघांनी सांगितलं, "बाटली त्यांच्या पिशवीतनंच निघाली, आमी स्वतः डोळ्यानं बघितलं." शब्द तेच, क्रमही तोच. तीन माणसं एकच वाक्य एकाच चालीत बोलली की समजावं, आधी बैठक झालेली आहे. खरं बोलणारी माणसं बारीकसारीक गोष्टींत एकमेकांशी भांडतात.

चौथ्या दिवशी मांडववाल्याचा फोन आला. "फौजदारीणबाई, माझं नाव कुठं घेऊ नका. स्टेजच्या फळ्या काढल्या तर खाली आख्खं खोकं घावलं औषधाचं. दोन बाटल्या कमी हायत. पिशवीत बाटली मावंल ओ, खोकं कसं मावंल?"

खोकं मुद्देमालात जमा केलं. त्यावरून दुकानदार सापडला आणि दुकानदारानं कमिटीतल्या त्या तिघांपैकीच एका डाळिंब बागायतदाराकडं बोट दाखवलं. त्याला आपण तात्या म्हणू. वय साठीचं, अंगावर स्वच्छ कपडे, अण्णाचा पहिल्यापासूनचा भक्त. तात्यानं जबाब बदलला. "खोकं मी आणलं, व्हय. पण स्टेजवर चढल्या चढल्या त्यांनी स्वतः मागितलं. माणूस मागतोय तर न्हाय कसं म्हणायचं?"

म्हणजे गोष्ट फिरून तिथंच आली. त्यानं मागितलं, त्यानं घेतलं, तो मेला. बाकी सगळे मोकळे.

मग माझ्या ध्यानात आलं, की मैदान नेटवर थेट दाखवत होते. लोकांना दिसतं त्यात गाण्यांचा आणि जाहिरातींचा गोंगाट असतो, पण स्टेजवरच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक दिवसभर चालू होता. ते मूळ चित्रीकरण मी पंचांसमोर ताब्यात घेतलं आणि ठाण्यात बसून ऐकायला लागले. आमचे हवालदार हसले. "मॅडम, निकाल पायजे तर मला विचारा की, पयला नंबर भवानीनगरच्या गाडीचा आला."

सकाळच्या पहिल्या गटांत, म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांत, काहीच नव्हतं. मग एक बाटली टेबलावर आणून ठेवल्याचा आवाज आला आणि अण्णा हसून बोलला, "नको रं बाबा. घरी गेलो की पोलिसापेक्षा कडक झडती असती आमच्यात." दोन गट झाले. "नको म्हणलं न्हवं?" पुढं, "उचल ती हितनं, नजरंसमोर ठिवू नको." बाटली कुणी उचलली नाही. जेवणानंतर आणखी दोनदा नको. सेमीफायनलला गळा बसला, शब्द फाटायला लागले. तेव्हा तात्याचा आवाज: "अण्णा, फायनलला आवाज लागला पायजे. आख्खं गाव बघतंय. औषधच हाय की, दारू हाय का?"

"नको, तात्या." हा सहावा. आधीच्या पाच नकोंपेक्षा बारीक, गयावया केल्यासारखा.

मग बराच वेळ नुसता वारा. आणि झाकण फुटल्याचा टक् असा आवाज. थोड्या वेळानं दुसऱ्याचा.

फायनलला त्याचा आवाज काय सुंदर लागला होता, काय सांगू.

तात्याला बोलावून मी काही विचारलं नाही. फक्त ऐकवलं. तिसऱ्या नकोपाशी त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी म्हणाला, "मला वाटलं, लाजून न्हाय म्हणत्यात. आपल्यात जेवणाचा आग्रह करतो, तसं... मी त्यांचं वाईट कशाला करीन, बाई? माझ्या नातवाच्या बारशालासुदिक माइक त्यांनीच धरला व्हता." तो खोटं रडत नव्हता. गुन्हा दाखल झाला, दुकानदारावरही कारवाई झाली. पुढचं कोर्ट बघेल.

व्हिसेराचा अहवाल आल्यावर सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मला म्हणाले, "रोज घेत होता तेव्हा दोन बाटल्या त्याला पचायच्या. सोडल्यावर शरीराची ती सवय मोडली. तेवढंच औषध आता श्वास थांबवायला पुरलं."

मी विचारलं, "डॉक्टर, मग हा आजार म्हणायचा की निवड?"

"पहिली बाटली त्यानं निवडली असेल, तीही गळ्यासाठी," ते म्हणाले. "पुढचं तुम्ही कानानं ऐकलंयच की."

चित्रीकरणातल्या आवाजाची ओळख पटवायला मी अण्णाच्या बायकोला ठाण्यात बोलावलं. ते रीतसरच लागतं. दोन पंच बाजूला बसले होते. 'पोलिसापेक्षा कडक झडती' ऐकून ती एकदम हसली, पदर तोंडाला लावून. पुढचं ऐकताना बोटं मोडत होती. सहाव्या नकोनंतरचा वारा सुरू झाला तसा मी हात पुढं केला, बंद करायला. तिनं माझा हात धरला. झाकणाचा आवाजही तिनं ऐकला.

"यांचाच आवाज हाय," ती पंचांना म्हणाली आणि सही केली. मग माझ्याकडं वळली. "म्हंजी मला फसवलं न्हवतं."

"नाही, ताई."

"खरंच सोडली व्हती."

"व्हय."

मग तिनं विचारलं, "डॉक्टर म्हणले, सवय मोडल्याली म्हणून गेले. मग मला फसवत असते, तर आज असते का ओ?"

दोन्ही पंच माझ्याकडं बघत होते. मी कागद गोळा करत राहिले.

शाळांमधून मला अजूनही बोलावतात. 'नाही म्हणायला शिका' हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही. मी म्हणते, समोरच्यानं एकदा नको म्हटलं की ती बाटली तिथून उचला. टाळ्या कमी पडतात.

आणि एक सांगते, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझा धाकटा दीर दारूत गेला. त्याच्या ताटासमोर बसून मीच त्याला म्हणाले होते, मनात आणलंस तर आज सोडशील. तो मान खाली घालून जेवत राहिला. बाहेर, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या लग्नात तो किती वेळा नको म्हणाला असेल, ते ऐकायला तिथं कुठला माइक चालू नव्हता. आणि घरात मी होते, पण मी बोलत होते.