जपानची काळी डबी येईपर्यंत

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. ज्या साली दिल्लीनं एकाच आठवड्यात दोनदा रुपया खाली उतरवला, त्या साली, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या परळी एसटीनं. करणारे कोण, ते पुढं येईलच. नावं टाकू नको, असं बहिणीनं बजावलंय, म्हणून नावं नाहीत. एरवी मी पत्रकात नावासकट लिहितो.

पंचमीला माहेरी यायची पद्धत आहे, भाऊ आणायला जातो. त्या वर्षी मला जावं लागलं नाही. दाजी स्वतःच तिला घेऊन आले. धर्मापुरीच्या फाट्यावरून चालत आले, पुढं ते, मागं आक्का डोक्यावर पिशवी घेऊन. आप्पा, आमचे वडील, दुकानात गूळ फोडत होते. ते हात पुसत उठले, "या या पाव्हणं, गाडी न्हाई आनली?"

दाजींनी खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक डबी काढली आणि तराजूच्या पारड्यात ठेवली. काडीपेटीएवढी, काळी, खाली चार वायरी लोंबणारी. पारडं खाली गेलं.

"गाडीचा करंट गेलाय मामा. ही डबी जळली. जपानहून आनावी लागती म्हनत्यात."

"मग?"

"मग काय? ती आली की हिला पाठवा."

चहासुद्धा घेतला नाही. त्याच एसटीनं परत. आक्का दुकानाच्या पायरीवर उभी होती, डोक्यावरची पिशवी तिनं उतरवलीच नव्हती. तिला वाटत होतं चेष्टा आहे. दाजी लई चेष्टेखोर, असं ती लग्न झाल्यापासून सांगायची.

आता यात माझा हात काय, ते सांगतो.

दोन वर्षांआधी तिची यादी झाली. ज्यांच्याकडं ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुपारी फुटली की दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसतात, आणि कोणी काय द्यायचं ते कागदावर उतरवतात. कागदाला हळदीकुंकू लावतात. सह्या होतात. मी दहावीत होतो आणि अख्ख्या गल्लीत माझं अक्षर चांगलं, म्हणून पेन माझ्या हातात दिलं. भांडी लिहिली, कपडे लिहिले, मानपान लिहिला. मग दाजींचे चुलते म्हणाले, "मोटारसायकल, एक."

इथं मी तोंड उघडलं. परळीला एका भिंतीवर मी जाहिरात पाहिली होती. मी विचारलं, "कंची? जपानी लिहू का?"

सतरंजीवर एकदम हशा पिकला. चुलते म्हणाले, "पोरगं हुशार हाय. लिव्ह बाबा, जपानी." आप्पांना नाही म्हणता येईना, पन्नास माणसं बसलेली. मग ते चुलते पान लावता लावता म्हणाले, "आता जपानीच म्हनताय, तर चालती ठिवायची जिम्मेदारी बी तुमचीच. न्हाई तर आमी येडे कुठं हिंडावं?" पुन्हा हशा. आप्पाही हसले, म्हणाले, "आमचीच." आणि मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: जपानी मोटारसायकल, एक. चालती ठेवण्याची जबाबदारी मुलीकडील. खाली रेघसुद्धा मारली. पट्टीनं.

तर ती डबी.

पंचमी झाल्यावर मी ती घेऊन सिरसाळ्याला गेलो. तिथं रस्त्याकडेला एक मिस्त्री बसायचा, चिंचेखाली. त्यानं डबी हातात घेतली, नाकाला लावली, हसला. "मेली बे ही. जाऊ दे. देशी डबी बसती हिच्या जागी, दोन वायरी इकडच्या तिकडं कराव्या लागत्यात. दीडशे रुपये. गाडी आन, चहा पिऊस्तर करून देतो."

मी उड्या मारत घरी आलो. आप्पांनी माजलगावला निरोप धाडला, दाजींच्या गावी. चौथ्या दिवशी उलटा निरोप आला, त्यांच्या गावच्या दूधवाल्याच्या तोंडून, शब्दाला शब्द: "यादीत जपानी लिवलंय. यादी काढून बगा."

आप्पांनी खरंच ट्रंकेतून यादी काढली. माझ्यासमोर धरली. माझ्या पट्टीच्या रेघेवर बोट ठेवलं.

मग बीडचा सामानवाला सुरू झाला. बीडला त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, भिंतीला रबरी टायर टांगलेले आणि काउंटरवर जपानी बाईचं कॅलेंडर. माणूस गोड. गोड माणसांपासून सावध राहा, हे मी तिथं शिकलो. तो म्हणाला, "मालक, ही डबी इथं बनतच न्हाई. मुंबईच्या दलालाला सांगतो. अकराशे." आप्पांचा चेहरा पाहून त्यानं एका सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. डबीची तिकडची किंमत. जहाजाचं भाडं. कस्टम. गोदाम. दलालाचं कमिशन. "माझं काय, मी तर पुण्य म्हनून करतो," म्हणाला. मी ते पाकीट अजून ठेवलंय. डबीची किंमत त्यात सगळ्यात लहान आकडा आहे. बाकी सगळं दारात उभं राहून हात पसरणाऱ्यांचं.

आप्पांनी निम्मे दिले.

गणपतीनंतर गेलो, तर भाव सोळाशे. "रुपया पडला ना मालक. जपानी कामगार धर्मापुरीच्या भावात पगार घेत न्हाई." दसऱ्याला गेलो, तर माल बंदरात अडकलेला. कागद कमी पडला म्हणे, अजून पाचशे लागतील. पेपरात रोज येत होतं की देशाची दारं उघडली, आता जगातला माल स्वस्तात मिळणार. मी त्याला तो पेपर दाखवला. त्यानं वाचला, घडी घातली आणि त्यात एका गिऱ्हाइकाला नटबोल्ट बांधून दिले.

पाचशेसाठी आप्पांनी दुकानाची पुढची ओसरी चहावाल्याला दिली. कायमची. आमचं दुकान देवळाच्या रस्त्यावर होतं, त्या दिवसापासून ते चहाच्या हॉटेलामागं गेलं. मीठमिरची घ्यायला येणाऱ्या बायांना बाकड्यावर बसलेल्या पुरुषांच्या गुडघ्यांमधून वाट काढत यावं लागे. मग त्या येईनात.

आक्काचं काय चाललं होतं? ती भाकरी करत होती. धुणी धूत होती. नळावर जायची तेव्हा बाया विचारायच्या, "काय गं, जपानहून पत्र आलं का?" दुसरी म्हणायची, "अगं नवरा न्हाई गेला जपानला, नवऱ्याची डबी गेली." पोस्टमनसुद्धा आमच्या दारावरून जाताना ओरडायचा, "जपान न्हाई आज!" सगळे हसायचे. आक्काही हसायची, खोटं कशाला सांगू. घागर भरून झाली तरी नळ बंद करायचं तिच्या ध्यानात राहायचं नाही, पाणी वाहत राहायचं, आणि मग बाया त्यावरूनही बोलायच्या.

दिवाळीला तिला न्यायला कोणी आलं नाही. संक्रांतीला वाण आलं नाही. चुलत्या-मावश्या आईला येऊन सांगायला लागल्या की त्यांच्याकडं दुसरी बघतायत, परतूरकडची, चांगली ट्रॅक्टरवाली. हे खरं होतं की नाही माहीत नाही. पण आईनं ते ऐकल्यापासून आक्काच्या ताटात वाढताना हात आखडता घेतला. हे मी पाहिलंय. माझ्या आईनं केलंय. तरी लिहितो.

एक प्रश्न मात्र आमच्यापैकी एकालाही पडला नाही. दाजींचा ऊस होता. धरणाचं पाणी, दोन्ही बाजूला ऊस. गाळप दिवाळीला सुरू झालं. त्या हंगामात ते रोज कारखान्यावर जात, तोडणीची टोळी बघायला, उसाच्या गाडीचा नंबर लावायला. मोटारसायकल बंद होती, तर ते जात कशावर?

डबी शिवरात्रीच्या आठ दिवस आधी आली. पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर जपानी अक्षरं, आत थर्माकोल, थर्माकोलमध्ये डबी. एवढीशी. सगळे मिळून एकवीसशे. आईनं खोक्याला कुंकू लावलं. आक्कानं लग्नातलं लुगडं काढलं. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा घाई करताना पाहिलं; वेणी घालताना तिचे हात चुकत होते, तीनदा सोडून पुन्हा घातली. एसटीत खोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. सिरसाळ्याला बस थांबली तेव्हा चिंचेखालचा मिस्त्री दिसला. मी खिडकीतून हात केला. त्यानं आधी हात वर केला, मग बसमध्ये आप्पांना आणि आक्काला पाहून खाली घेतला. मला तेव्हा कळलं नाही.

त्यांच्या घरी पोचलो तेव्हा दुपार होती. अंगणात कडुनिंबाखाली मोटारसायकल उभी, वरून पोतं टाकलेलं. विहीणबाई दारात आल्या. "या. बसा. पानी देते."

आक्का बसली नाही. सहा महिन्यांनी ती घरी आली होती. ती सरळ गाडीकडं गेली, खोकं काखेत धरून, आणि एखाद्या आजारी म्हशीवरचं घोंगडं सारावं तसं तिनं ते पोतं मायेनं बाजूला सारलं. दुसरा हात खाली टेकला. सायलेन्सरवर.

चर्र आवाज झाला. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

तिनं हात ओढला. तळहात बघत उभी राहिली. मी धावत गेलो. बाजूचं झाकण काढलेलंच होतं. आत देशी डबी, दोन वायरी इकडच्या तिकडं केलेल्या, वर चिकटपट्टी; चिंचेखालच्या मिस्त्रीनं हात खाली का घेतला, ते आता कळलं. चिकटपट्टी पार काळी पडलेली, म्हणजे जुनी. गाडी आत्ता, आम्ही यायच्या जरा आधीच, कुठून तरी आली होती.

दाजी आतून टॉवेलनं तोंड पुसत आले. त्यांनी गाडीकडं पाहिलं, आक्काच्या हाताकडं पाहिलं. हसले. "आली व्हय? तिला म्हनावं तूप लाव."

मी म्हणालो, "दाजी, गाडी तर चालू हाय."

"चालू हाय, पर जपानी न्हाई," ते म्हणाले. "यादी कुनी लिवली व्हती बे? तूच ना?"

विहीणबाई हसल्या. आतून आणखी कोणीतरी हसलं. आणि मग माझ्या बापानं, ज्यानं दुकानाची ओसरी विकली होती, त्यानं काय करावं? आक्काच्या काखेतलं खोकं घेतलं, दोन्ही हातांवर धरलं, नैवेद्याचं ताट धरतात तसं, आणि विहीणबाईंपुढं केलं. "घ्या. आमचा शबूद पुरा झाला."

त्यांनी घेतलं, झाकण उघडून आत पाहिलं आणि देवळीत ठेवलं, रॉकेलच्या चिमणीशेजारी. मग म्हणाल्या, "मीटरचा काटा बी हालंना म्हनत व्हता पोरगा."

आम्ही चहा प्यालो. हो, प्यालो. बशीत ओतून. आक्का आत गेली होती, चहा तिनंच केला होता, त्याच हातानं. निघताना ती दारात आली नाही. परतीच्या एसटीत आप्पा खिडकीला डोकं टेकून बसले होते. पाथरीच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग लागली होती उसाच्या, त्यामुळं बस तासभर उभीच. तेवढ्या तासात ते एकच वाक्य बोलले. "तू लिवलं नसतं तर त्यांनी दुसऱ्याकडून लिवून घेतलं असतं." मला माफ करायचा प्रयत्न होता तो. मी तो घेतला नाही. आपण तिला तिथं ठेवून आलो, हे त्यांनी म्हणायला हवं होतं. मीही म्हणायला हवं होतं. गाडी गरम आहे हे कळल्यावर, हात जळलेल्या पोरीला आम्ही तिथंच ठेवलं आणि वर चहा पिऊन आलो, कारण गावात सांगायला तोंड हवं होतं: पोरगी नांदायला गेली.

ती जपानी डबी कधी बसवलीच नाही. वर्षभरानं दाजींनी ती बीडच्या त्याच सामानवाल्याला विकली, खोक्यासकट. आक्कानंच सांगितलं. आईनं खोक्याला लावलेलं कुंकू पुसून विकली म्हणे. त्यानं ती पुढं कोणत्या बापाला विकली असेल, आणि कितीला, ते तुम्हीच बघा. मीटर आम्ही दिलं. त्यानंतर टाकीसुद्धा दिली. आक्का अजून तिथंच आहे. उजवा तळहात पुरता मिटत नाही. भाकरी थापते ती डाव्या हातानं, आणि तिच्या भाकऱ्या वाकड्या होतात म्हणून बोलणी खाते.

माझ्या घरी भिंतीला लागून आता पत्रकांचे गठ्ठे आहेत. कस्टम, दलाल, दिल्ली, सगळ्यांवर लिहून झालं. ते चोर आहेतच, त्यावर वाद नाही. पण एकवीसशेची डबी आमच्या घरात आणली ती कस्टमनं नाही. सतरंजीवर बसून, पट्टीनं रेघ मारून, मी आणली.

म्हणून तुमच्याकडं मागणी आहे. तुमच्याकडंच, जे हे वाचताय. येत्या लगीनसराईत तुमच्या घरी किंवा शेजारी सतरंजी अंथरली जाईल. कागद पुढं सरकवतील आणि तुम्हाला वाचता येतं, तुमचं अक्षर बरं आहे, म्हणून पेन तुमच्याच हातात देतील. लोक हसत असतील. तुमचा बाप मान हलवत असेल. तेव्हा त्या पेनाला टोपण लावा, कागद कोरा ठेवा आणि सगळ्यांच्या देखत उठून बाहेर या.