मामांसाठी मी निवडलेला रिसिव्हर

माझ्या मामांना मी तीन महिने नुसती खरखर ऐकवली.

आणि ते ऐकत बसले.

मामा गेले त्याला आज महिना झाला. सगळे विचारतायत, पोस्ट का टाकली नाहीस. काय टाकू? फोटोखाली जोडलेले हात चिकटवून मोकळं होणं जमलं नाही मला. म्हणून जे झालं तेच सांगते.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे घर. फौजेत सिग्नलला हवालदार. सगळी नोकरी कानाला हेडफोन आणि पुढ्यात वायरलेस सेट.

म्हातारपणी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही.

तेव्हापासून अंगणातल्या खुर्चीत बसून असायचे. टीव्ही नको, भजन नको, कुणाशी बोलणं नको.

फक्त वरून विमान गेलं की मान वर.

एकदा मला म्हणाले, "शुभे, ह्यातली मानसं खालच्याशी काय बोलत आसतील गं?"

मी सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट, इलेक्ट्रॉनिक्सची. लगेच डोक्यात ट्यूब पेटली. लॅपटॉपला लावायचा यूएसबी रिसिव्हर मिळतो, पेनड्राइव्हएवढा. त्याला अँटेना जोडली की आसपासची विमानं सापडतात.

"मामा, तुम्हाला सेट आणते," म्हटलं.

मामा हसले. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा.

आणि मग माझा शहाणपणा सुरू झाला.

रिसिव्हरमध्ये एक अगदी साधा होता, सगळं पकडणारा. पण लोक म्हणत होते, गरम होतो. एक धातूच्या डबीतला. एक निळा, खास विमानांसाठी, आत फिल्टर बसवलेला. मी एक्सेल शीट केली. रिव्ह्यू वाचले. ऑनलाइन ग्रुपवर अनोळखी लोकांशी तावातावानं भांडले.

दोन महिने! एका काडीएवढ्या वस्तूसाठी!

मामी फोनवर म्हणायच्या, "आगं, रोज इचारत्यात. आला का सेट, आला का सेट."

"मामी, चांगला बघून घेतेय."

मामांनाच एकदा विचारलं, कसला हवा. तर म्हणाले, "आमी कवा निवडलाय गं? फौजेत सेट मिळायचा. मिळंल त्यावर काम करायचं. तक्रार करायची न्हाई."

शेवटी निळा घेतला. खास विमानांसाठी असं लिहिलंय म्हटल्यावर अजून काय पाहिजे?

रविवारी गेले. स्लॅबवर अँटेना बांधली, लॅपटॉप लावला. पाच मिनिटांत नकाशावर सात विमानं. मी ओरडलेच, "मामा, बघा, सात!"

मामांनी हात पुढे केला. स्क्रीन चाचपली.

"आवाज?"

"यात आवाज नसतो मामा. यात बघायचं असतं."

हे मी म्हणाले. डोळे गेलेल्या माणसाला.

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मामाच म्हणाले, "बरं बरं. लय भारी केलंस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, पायलटचं बोलणं ऐकायचं. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. नुसती खरखर. माझी शेवटची एसटी जायला आली होती. लॅपटॉप तिथंच ठेवला, मामींना तो चालू करायला दाखवलं. म्हटलं, "जरा धीर धरा, विमान जवळ आलं की लागेल."

मला खरंच वाटलं होतं, लागेल.

पुढे कॉलेजची प्रॅक्टिकल्स, मग परीक्षा. जाणं झालं नाही. फोनवर विचारायची, "मामा, सेट कसा चाललाय?"

"एकदम क्लिअर."

तीन महिने हेच. मग एक दिवस फोन मामींनी उचलला.

"कसलं क्लिअर? सकाळी आंघूळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत्यात. कान दुखस्तवर खरखर ऐकत्यात. मी म्हनलं, सांगा की पोरीला. तर म्हनले, तिनं दोन म्हैनं खपून आनलाय, तू गप बस."

त्या दिवशी मी त्या रिसिव्हरबद्दल पहिल्यांदा मुळापासून वाचलं.

विमान आपली जागा कळवतं ती फ्रिक्वेन्सी वेगळी. पायलट बोलतो ती वेगळी. माझ्या निळ्यातला फिल्टर पहिली तेवढी आत घेतो, बाकी सगळं दारातच अडवतो. त्या सेटवर माणसाचा आवाज येणारच नव्हता. कधीच.

साध्यावर आला असता. शीटमध्ये मी सगळ्यात आधी खोडला होता तो.

तो लगेच मागवला. पार्सल हातात पडलं तेव्हा मामा मिरजेत आयसीयूत होते. न्यूमोनिया. कानाशी वाकून सांगितलं, "मामा, बरोबरचा सेट आलाय." ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

तेरावं झाल्यावर दुपारी अंगणात तो साधा लावला. कशासाठी, ते विचारू नका. स्पीकर मोठा केला.

दहा मिनिटांत आवाज आला. स्वच्छ. कुणी बाई पायलट होती. खालच्याला आधी म्हणाली, "नमस्कार." मग इंग्रजीत आकडे. खालून एक पुरुष बोलला, त्यानंही नमस्कार केला.

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. दोघांचं बोलणं संपेपर्यंत उभ्याच राहिल्या.

मग म्हणाल्या, "येवढंच व्हतं व्हय गं?"

व्हय मामी. एवढंच होतं.

मामा, तुम्ही एकदा तरी मला शिव्या घालायच्या होत्यात. एकदा तरी.

माझं चुकलं, आणि ते आता निस्तरता येत नाही.

जड मनानं निरोप देते.

तुमची शुभी