पेन्सिलबाई

बाईंच्या आंबाड्यात फूल कधी दिसलं नाही. पेन्सिल दिसायची. बोटभर उरली तरी तीच खोचलेली. बोलता बोलता त्यांचा हात मागे जायचा, पेन्सिल बाहेर यायची आणि समोरच्याच्या हजेरीपटावर कुठल्यातरी नावाभोवती गोल पडायचा. तो गोल ज्याच्या हजेरीवर पडला, त्याला त्या रात्री जेवण गोड लागायचं नाही. आम्ही शिक्षक त्यांना माघारी पेन्सिलबाई म्हणायचो. एकदा एका गुरुजींच्या तोंडून ते त्यांच्यासमोरच निसटलं. बाई म्हणाल्या, "म्हना की. पेनबाई म्हनला असता तर राग आला असता."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते चौसाळ्याजवळच्या आमच्या केंद्रशाळेत. दिवाळीची सुट्टी संपली होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या होत्या. माझ्या सातवीच्या वर्गात छत्तीसपैकी एकोणीस पोरं उरली होती. आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. हजेरीत नावापुढे 'स्थलांतरित' लिहायचं आणि पुढच्या नावाकडे जायचं. त्यात एक दिवसाच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. विषय होता मानवी तस्करी ओळखणे व रोखणे. सोबत चालू वर्षाची हजेरी आणावी, अशी सूचना होती. तस्करी चंदनाची असते, सोन्याची असते, आपल्या शाळेत कसली, असं म्हणत आम्ही चाळीस जण डबे घेऊन गेलो.

वीज नव्हती. पडद्यावर दाखवायचं सगळं राहिलं. बाईंना त्याचा आनंदच झालेला दिसला. त्या शेजारच्या केंद्रातल्या शिक्षिका, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे प्रशिक्षण द्यायला आलेल्या. त्यांनी चहा बशीत ओतला, प्याल्या आणि म्हणाल्या, "हजेरी उघडा. स्थलांतरित किती, ते मोजा. आन त्यातल्या किती पोरांचा आवाज गेल्यावर तुमी सोता फोनवर ऐकला, ते बी मोजा."

मागून एक सर म्हणाले, "बाई, आमी काय पोलीस हाय का?"

सगळे हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "न्हाई की. पोलिसाला पोरगी हारवल्यावर म्हयन्यानं कळतं. तुला पैल्या दिवशी सकाळी कळतं, हजेरी घेताना. आता सांग, कोन मोठं?"

सरांनी मोबाइल खिशात ठेवला.

बाईंचा नियम एकच होता. 'स्थलांतरित' हा शब्द पेनाने लिहायचा नाही. पेन्सिलीने लिहायचा. पोर कुणासोबत गेलं, कोणत्या मुकादमाच्या टोळीत गेलं, हे कळलं आणि फोनवर खुद्द पोराचा आवाज ऐकला, की मग पेन उचलायचं. त्या म्हणायच्या, "पेनानं लिवलं की मानूस इसरतं. पेन्सिल डोळ्याला टोचत राहती."

मी कामाला झटपट आहे. कागद साठवून ठेवणं मला जमत नाही. माझी हजेरी केंद्रात सगळ्यात स्वच्छ, आणि सतराच्या सतरा नावं निळ्या पेनाने पूर्ण. बाई माझ्या बाकाशी आल्या तेव्हा मला वाटलं, कौतुक करतील.

"ही रेणुका कुठाय, मॅडम?"

"ऊसतोडीला. आईबापासोबत."

"कुनी सांगितलं?"

"दरवर्षी जाते ती."

"दरसाल जाती हे कळलं. औंदा गेली, हे कुनी सांगितलं?"

टोळीसोबत जाणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसता येतं. बाईंनी विचारलं, रेणुकाचं कार्ड कुणी नेलं? कार्ड शाळेच्या कपाटात होतं. सोळा पोरांची कार्डं गेली, सतरावं राहिलं, आणि मी कपाट रोज उघडत होते. बाईंनी पुढे विचारलं, तिच्यासाठी शाळेतून कुणी एखादा कागद नेला का? तेव्हा मला आठवलं. दसऱ्याच्या आधी तिचा चुलता बोनाफाईड मागायला आला होता. आधारवर जन्मतारीख दुरुस्त करायची आहे म्हणाला. मी पाच मिनिटांत सही-शिक्का करून दिला होता आणि वर म्हटलं होतं, "बघा, आमच्याकडे हेलपाटा नाही."

बाईंनी आंबाड्यातून पेन्सिल काढली आणि माझ्या निळ्या शब्दाभोवती गोल केला. जन्मतारखेची दुरुस्ती आणि आईबाप सोडून कागद मागायला आलेला दुसराच माणूस, ही लक्षणं त्यांनी तासाभरापूर्वीच फळ्यावर लिहिली होती. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवूनही घेतली होती.

त्यांच्या पिशवीत एक वही असायची. तीत आमच्या भागातल्या मुकादमांचे फोन नंबर, गाववार. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी रेणुकाच्या बापाच्या मुकादमाला फोन लावला आणि मला शेजारी बसवलं.

"मुकादम, तुमच्या टोळीत पोरं किती?"

"बाई, कोयतं सांगतो की. नवराबायकूच्या बारा जोड्या. पोरं कोन मोजतंय?"

"तुमी मोजा. मी फोन धरून बसती."

"आत्ता? आवो, समदी उसाच्या फडात हायती."

"मंग फडात जा."

आणि त्या खरंच बसून राहिल्या. फोन कानाला, दुसऱ्या हाताने भाकरी खात. एवढा राकट मुकादम, पण त्याने फोन ठेवला नाही. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने रेणुकाच्या आईला आणून दिलं. बाईंनी फोन माझ्या हातात दिला. "तुमची पोरगी हाय, तुमीच इचारा."

मी म्हटलं, "रेणुकाला जरा फोन द्या."

आई म्हणाली, "रेणी हितं कशी आसंल? औंदा सातवी हाय म्हनून चुलत्याकडं ठिवली की गावात. शाळंत येत न्हाई का, बाई?"

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आई समजत होती, पोरगी शाळेत आहे. मी समजत होते, पोरगी आईजवळ आहे. दोघींच्या मधल्या जागेत पोरगी नव्हती, आणि ती जागा मी पेनाने झाकून टाकली होती.

मी चपला घालून उठले. म्हटलं, त्या चुलत्याच्या दारात जाते आणि गाव गोळा करते. बाईंनी मनगट धरलं. "बस खाली," त्या म्हणाल्या. 'तुमी'वरून 'तू'वर आल्या त्या तेव्हाच. "तू दारात गेलीस की त्याला कळलं. त्याला कळलं की पोरगी तिसऱ्या गावात. मंग कुठं हुडकतीस? तुझा राग तुझ्यापाशी ठिव. कागद काड."

कागद काढले. हजेरीची नक्कल, बोनाफाईडची नोंद, पडून राहिलेलं कार्ड, आईचं फोनवरचं म्हणणं लिहून आणि तिचा नंबर. प्रशिक्षण अर्ध्यावर ठेवून आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. जमादार सज्जन होता, पण घाईत नव्हता. "घरगुती मामला आसंल, बाई. सोयरीक-बियरीक जमली आसंल. तुमी मास्तर लोक कावून मधी पडता?"

"आसंल सोयरीक," बाई म्हणाल्या. "पोरगी तेरा वर्षाची हाय. तिला हितं आना, तिच्या तोंडून ऐकू. तवर मी बसती."

आणि बसल्या. आवाज चढला नाही, धमकी दिली नाही, कुणाची ओळख सांगितली नाही. पिशवीतून चौथीच्या वह्या काढून तपासायला घेतल्या. तासाभराने जमादाराने त्यांच्यासाठी पंखा वळवला. त्यानंतर अर्ध्या तासाने महिला फौजदार आल्या, त्यांनी कागद वाचले, आणि मग मात्र सगळं फार वेगाने झालं. मी बरीच हुशार, कर्तबगार माणसं पाहिली आहेत. बसून राहण्याची अशी ताकद दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

रेणुका दुसऱ्या दिवशी दुपारी घाटनांदूरला सापडली. एका बाईच्या घरात, जिला सगळे मावशी म्हणायचे आणि जी कुणाचीच मावशी नव्हती. रेणुकाच्या अंगावर नवा ड्रेस, हातात नवा मोबाइल, आणि माझ्या बोनाफाईडवरची तारीख बदलून आधारवर केलेलं वय एकोणीस. परराज्यात लग्न ठरलंय, असं तिला सांगितलं होतं. दोन दिवसांनी रेल्वेने निघायचं होतं. त्याच घरात आणखी एक मुलगी सापडली. तिची चौकशी कुठल्याच शाळेने केलेली नव्हती.

बालकल्याण समितीसमोर आम्हाला बोलावलं तेव्हा रेणुका बाकावर बसलेली होती. मी तोंड उघडणार तोच बाईंनी मला कोपराने ढोसलं. पोरीला काय झालं ते चारचौघांत विचारायचं नसतं, हाही त्यांचा धडा होता. त्यांनी फक्त विचारलं, "जेवलीस का?" रेणुकाने मान हलवली. मग मला विचारलं, "बाई, माझं नाव काटलं का?"

मी म्हटलं, "नाही." त्या दिवशी हे खरं होतं ते केवळ बाईंमुळे.

आई फडातून आली. पोरगी शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहिली आणि सातवी पास झाली. मी बाईंपाशी माफीचं काहीतरी पुटपुटले, तर त्या वैतागल्या. "मला कावून सांगतीस? हजेरी नीट घे की."

त्यानंतरची दोन वर्षं मी त्यांच्यासोबत फिरले. कडा, चौसाळा, कुठे कुठे. प्रत्येक प्रशिक्षणात तेच पोलीसवालं वाक्य कुणीतरी बोलायचं, प्रत्येक वेळी बाई पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या. निवृत्तीच्या दिवशी सत्कार झाला, शाल-नारळ झाला. गर्दी पांगल्यावर त्यांनी मुकादमांची वही माझ्या हातात दिली. मी विचारलं, "बाई, ही पेन्सिलीची कल्पना सुचली कशी?"

त्यांनी शालीची घडी घातली. ती नीट बसली नाही, म्हणून पुन्हा घातली.

"मंगल म्हनून होती. माझ्या वर्गात. हजेरी नंबर अकरा. मी पेनानं लिवलं. चैतात टोळी परत आली आन तिची माय शाळंच्या दारात. म्हनली, बाई, मंगलला सोडा, घरी न्यायला आले." शाल पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "सापडली न्हाई. मी हजेरीतला त्यो शब्द ब्लेडनं खरवडला आन पेन्सिलीनं लिवला. दरसालच्या हजेरीत लिवती. खात्री झाली न्हाई अजून."

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मी अंत्ययात्रेला पोचू शकले नाही, परीक्षा चालू होत्या. बाईंनाही ते पटलं असतं. आता प्रशिक्षणं मी घेते. माझ्या केसांचा आंबाडा होत नाही, पेन्सिल पर्समध्ये असते.

यंदा टोळ्या परत आल्या. एकेक पोर वर्गात येऊन 'हजर' म्हणालं, तसतशी मी त्याच्या नावापुढे पेनाने हजेरी लावली. शेवटच्या दिवशी नव्या मॅडम हजेरी तपासत होत्या. सगळ्यात खालच्या, पेन्सिलीने लिहिलेल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"मॅडम, ही मंगल कोण? आपल्या पटावर नाही. खोडून टाकू का?"

मी म्हटलं, "राहू द्या. खात्री झालेली नाही."