खडखडबाई आणि पट्टा

आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर हेल्मेट काढल्याशिवाय कुणावर ओरडायच्या नाहीत. घाटात राग आला तरी तो दाबून आणायच्या, गाडी स्टँडला लावायच्या, हेल्मेट हँडलला अडकवायच्या आणि मग तोफखाना सुरू. मी तिथली आशा कार्यकर्ती, गाडीवर कायम त्यांच्या मागे. हेल्मेट निघालं की मी ओळखायचे, आज कुणाची तरी बिनपाण्याने होणार.

साखरशेतच्या शेतकऱ्याची ही लेक उपकेंद्राची जुनी मोटारसायकल बुलेटच्या रुबाबात चालवायची. गाडीची चेन जरा ढिलीच, त्यामुळे खालच्या वळणावरूनच खडखड ऐकू यायची. पाड्यावरच्या लोकांनी त्यांचं नावच पाडलं, खडखडबाई. आवाज आला की आया पोरांना अंगणात आणून बसवायच्या, आणि लस नको म्हणणारे बाप्ये हळूच जंगलाकडे सटकायचे.

एकदा पोशेऱ्याला एका लग्नाला जाताना चेन तुटली. सिस्टरनी नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचली, पर्समधून पक्कड आणि चेनचं लॉक काढलं, आणि तोंडाने चेन बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारत ती जोडली. काळ्या हातांनीच अक्षता टाकल्या. मला म्हणाल्या, "चेन म्हणजे सासू गं. रोज तेल घाला तरी कुरकुर. पण अडीनडीला उभी राहते."

मग ती नवी गाडी आली. कुणीतरी दान दिलेली, बॅटरीवरची, चेनच्या जागी गिरणीला असतो तसा रबरी पट्टा. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि जुनी गाडी टेम्पोत घालून तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांच्या कार्यालयामागे भंगारात नेऊन टाकली. साहेब म्हणाले, "तेल नको, आवाज नाही, साडीला डाग नाही. बायकांना सोपी."

सिस्टरचं हेल्मेट निघालेलंच होतं. "साहेब, डांबरी रस्त्यावर पट्टा चेनपेक्षा चांगला, मला मान्य आहे. जव्हारमध्येच फिरायचं असतं तर मीच मागून घेतला असता. पण वांगणीकडे डांबर आहे कुठं? पट्ट्याच्या दातात खडी अडकली की तो कापला जाणार. चेनची कडी तुटली तर रस्त्यात बसून जोडते मी. हा कशाने जोडू, डिंकाने?"

साहेब हसले. मला अजून ते हसणं आठवलं की डोक्यात तिडीक जाते. स्वतः काचा वर करून गाडीतून येणारा माणूस आम्हाला रस्ता शिकवत होता!

पट्ट्याची गाडी खरंच गुळगुळीत चालायची. इतकी, की आम्ही पाड्यावर पोहोचलो तरी कुणाला पत्ता नसायचा. बाया नाचणीच्या शेतात, पोरं ओढ्यावर. सिस्टर प्रत्येक दारात जाऊन हाका मारायच्या. "हा पट्टा म्हणजे पाहुणा," त्या म्हणायच्या, "कुरकुर नाही की घाण नाही. गरजेला मात्र पाठ दाखवेल, बघ तू."

तसंच झालं. वरच्या पाड्यावर एक पोर अडली होती, पहिलटकरीण. आम्ही निघालो आणि अर्ध्या चढावर पट्टा तुटला. सिस्टरनी गाडीला एक लाथ घातली, पिशवी खांद्याला लावली आणि चालू लागल्या. पोहोचलो तेव्हा बाळ झालेलं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. चार माणसांनी तिला झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं. ती वाचली, कशी वाचली ते देवालाच ठाऊक.

त्यानंतर सिस्टर टेकडीवर जाऊन, जिथे फोनला रेंज मिळते तिथून, रोज कार्यालयाला फोन करायच्या. "पट्टा कधी येणार? अहो, माणसं वाट बघतायत पट्ट्याची!" आसपास गुरं चारणारे ते ऐकत असायचे. आमच्याकडे पट्टा म्हणजे एकच गोष्ट. कसत असलेल्या जंगलजमिनीचा कागद. बापाने मागितला, मुलगा अजून मागतोय, असा तो पट्टा. सिस्टर सरकारशी भांडून आपला पट्टा आणतायत, ही बातमी पाड्यापाड्यांत पसरली आणि आम्हा दोघींना गंधवार्ताही नाही.

शेवटी एकदाचं ते खोकं आलं. सकाळी बघतो तर उपकेंद्रापुढे माणसंच माणसं. धुतलेले कपडे, हातात आधारकार्डाच्या पिशव्या. एक म्हातारा पुढे झाला. "पट्टा आला म्हंतात, बाय. अंगठा कुठं लावू?"

सिस्टरनी खोकं उघडून काळा रबरी पट्टा दाखवला. म्हातारा तो हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला, मग परत दिला आणि म्हणाला, "बरं." सिस्टरनी पट्टा खोक्यात घालून झाकण लावलं. नवा पट्टा त्यांनी गाडीला बसवलाच नाही.

पुढच्या मीटिंगला त्यांनी दोन्ही पट्टे, तुटका आणि नवा, साहेबांच्या टेबलावर टाकले. "चेनची गाडी परत द्या. नसेल तर हा तुटका माझ्यासमोर जोडून दाखवा. त्या दिवशी एक पोर मरत होती."

साहेब म्हणाले, "वाचली ना? मग?"

मग! त्या 'मग'वर सिस्टर जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. महिन्याच्या आत त्यांची बदली झाली, थेट समुद्रकाठच्या तालुक्यात, चकाचक डांबरी रस्त्यावर.

त्या जाताना मी रडायला लागले. सिस्टर खेकसल्या, "रडतेस काय? रडलेलं साहेबलोकांना चालतं." आणि एसटीत चढल्या. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही बाईने.

नव्या सिस्टर अजून आलेल्या नाहीत. वरच्या पाड्यावर आणखी दोघींचे दिवस भरत आलेत. परवाच्या मीटिंगला मी मागच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "साहेब, सिस्टर पाठवा, आणि त्यांना चेनची गाडी द्या." साहेबांनी वर न बघताच हात हलवला. "आशाताई, खाली बसा."

पण मी बसले नाही.